घरांतील दोन संगणक आणि मधला विलंब



एका खोलींतील संगणक दुसऱ्या खोलींत बसून चालविण्याची सोय लिनक्स वापरणाऱ्या घरांत आतां नवी राहिलेली नाहीं. यवतमाळच्या उन्हाळ्यांत माडीवरील तापलेल्या खोलींत बसण्यापेक्षां खालच्या थंडाव्यांत काम उरकावें, हें कोणालाहि आवडेल. परंतु अक्षर आज टाइप करावें आणि तें उद्यां उमटावें, अशी कांहींशी गत होते. मग घरची मंडळी ठरवितात कीं, जुना संगणक मोडींत काढावा, किंवा इंटरनेटचा अधिक वेगवान प्लॅन घ्यावा. हे दोन्ही खर्च करण्यापूर्वीं थोडा विचार करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्लॅन वाढवून या कामीं कांहींच साधत नाहीं. दोन्ही संगणक एकाच घरांत असतां त्यांचा संवाद राउटरपर्यंत जाऊन तेथूनच परततो. तो उंबरठा ओलांडीतच नाहीं.

शिवाय, पुष्कळ माल वाहणें आणि लवकर पोचणें या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीनें एके काळीं कापूस वाहिला. पण तांतडीच्या निरोपासाठीं लोक तारघरच गांठीत. ती गाडी थांबली, तारसेवाहि २०१३ सालीं बंद झाली; भेद मात्र तोच आहे. बटण दाबल्याची खूण पलीकडे जाऊन चित्र परत येईपर्यंतचा काळ आपल्याला खटकतो.

वाटेवरचा हा काळ ‘पिंग’ या आज्ञेनें मोजतां येतो. घरच्या केबलवर तो बहुधा १ मिलिसेकंदाहून कमी भरतो. वायफायवर कधीं ३, तर गर्दी झाली कीं १०० पर्यंतहि जातो. वायफायवर सर्व उपकरणांना एकाच हवेंत पाळीपाळीनें बोलावें लागतें. दोन्ही संगणक वायफायवर असले, तर प्रत्येक चित्राला हवेंतून दोनदां प्रवास घडतो. म्हणून निदान एका संगणकाला, शक्य तर दोहोंनाहि, राउटरपासून केबल जोडावी. तें न जमल्यास ५ गिगाहर्ट्झचें वायफाय वापरावें.

आतां ओझ्याकडे वळूं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकास २४ बिट धरले, तर एका चित्राचे सुमारें ५ कोटी बिट होतात. सेकंदास ३० चित्रें म्हटलीं, तर १ गिगाबिटची केबलहि अपुरी पडते. म्हणूनच व्हीएनसीसारखीं साधनें केवळ बदललेला भाग, तोहि दाबून, पाठवितात. आपण पडदा १२८० बाय ७२० केला, तर बिंदू निम्म्याहून कमी होतात. भिंतचित्राऐवजीं सपाट रंग ठेवावा आणि खिडक्यांच्या हालत्या करामती बंद कराव्या, म्हणजे बदलणारा भागहि घटतो.

मात्र दाबण्याचे श्रम संगणकालाच करावे लागतात. वायफायवर अधिक दाबणें हिताचें. पण केबल असून संगणक जुना असेल, तर कमी दाबलेलेंच लवकर पोचतें. प्रोसेसर सतत शंभर टक्के राबत असेल, तर दोष वाटेचा नसून श्रमांचा आहे, असें समजावें.

आणि प्रत्येक कामाला चित्र कशाला? फाईल हलविण्यास किंवा आज्ञा देण्यास एसएसएच पुरतें. चित्रपट पाहावयाचा, तर त्याची फाईलच इकडे आणून पाहावी.

शेवटीं एक शाळामास्तरी सूचना: एका वेळीं एकच बदल करावा, आणि आधींचा व नंतरचा आंकडा वहींत मांडावा. चार दिवसांत आपणांस कळेल कीं, दुखणें कोठें होतें. आणि पुष्कळ घरांत तें पांच-दहा मीटर केबलनेंच बरें होईल. जुन्या संगणकास मोडीची वाट दाखविण्यापूर्वीं त्याला एवढी संधि अवश्य द्यावी.