वैद्यकीय विद्यार्थ्यांची गावातील शाळा

(शेगाव तालुक्यातील सरपंच व शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्या तालुक्यात घडलेला प्रकार आपण विसरला नसाल. बोंडगाव, हिंगणा आदी गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले. काही दिवसांतच डोक्याला टक्कल पडे. पुढे १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. आपण खारपाणपट्ट्यातील माणसे. साहजिकच पहिला संशय पाण्यावर गेला. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र लोक काय खातात ते पाहिले. गव्हाचे व रक्ताचे नमुने तपासून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले.

त्या निष्कर्षाची चिकित्सा शास्त्रज्ञ करोत. मी कलाशाखेचा पदवीधर. मला मोलाची वाटते ती चौकशीची रीत. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला रुग्णाचे डोके दिसते, त्याच्या घरातला पिठाचा डबा दिसत नाही.

बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची विचारपूस करीत राहावे, असा आता देशभर अभ्यासक्रमच आहे. विदर्भाला ही कल्पना नवी नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महाविद्यालय काढले. तेथील प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रथम तेथे राहते आणि पुढे वारंवार तेथे जाते.

ज्यांच्या गावी असे विद्यार्थी येतील त्यांनी कृपा करून शाल-श्रीफळाचा घाट घालू नये. (आमच्या खात्यालाही छायाचित्रांचा मोह आवरत नाही, हे मी मान्य करतो.) त्यांना विहीर दाखवा, अंगणवाडीमागचे गटार दाखवा, धान्याची कणगी उघडून दाखवा. घरी सासूबाईंनीच सारी उत्तरे दिली, तर सूनबाईंनाही बोलू द्या. "डॉक्टर आले आणि सुई न देताच गेले," अशी तक्रार होईल. तेव्हा शिक्षकांनी लोकांना समजवावे की हा विद्यार्थी शिकावयास आला आहे, आणि आजार होण्यापूर्वीचे घर त्याला दुसरीकडे कोठेच पाहावयास मिळणार नाही.

पाणी-तपासणीचे अहवाल ग्रामपंचायतीच्या कपाटात असतील, ते आजच काढून ठेवा. नसतील, तर तेही त्यांना मोकळेपणाने सांगा.