चाक आणि पान

सायकलच्या शर्यती आणि पुस्तकं ही दोन वेडं एकाच माणसाला कशी लागली, असं मला बरेचदा विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात असं असतं, की ज्याच्या पायांत जोर आहे तो पुस्तक कशाला उघडेल आणि चष्मा लावून वाचत बसणारा घाट कशाला चढेल!

खरं म्हणजे ही जोडी जुनी आहे. जगातली सर्वांत नावाजलेली सायकल शर्यत, ‘तूर द फ्रान्स’, १९०३ मध्ये सुरू झाली ती ‘लोतो’ नावाच्या एका वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. ते पत्र पिवळ्या कागदावर छापत. इटलीची ‘जिरो’ १९०९ ची, तीही एका वर्तमानपत्रानेच काढलेली, आणि त्याचा कागद गुलाबी. तेव्हा रेडिओ नव्हता. लोकांनी शर्यत पाहिली त्यापेक्षा कितीतरी अधिक वाचली. १९४९ च्या जिरोवर एका इटालियन दैनिकाने दिनो बुझ्झाती या कादंबरीकाराला पाठवलं. त्याला कोप्पीत अकिलीस दिसला आणि बार्तालीत हेक्टर. आपल्याकडचा लेखक असता तर त्याने कर्ण-अर्जुन काढले असते. हॉलंडचा टिम क्राबे तर स्वतः हौशी शर्यतवीर. १९७८ मध्ये आलेली त्याची छोटी कादंबरी एका शर्यतीवरच आहे.

पण ही थोरामोठ्यांची गोष्ट झाली. मी पुण्यातल्या एका बँकेत कारकून होतो. दिवसाचे आठ तास बँकेचे. उरलेल्यात ही दोन वेडं भांडत.

भांडण दिसायला वेळेचं, पण खरं झोपेचं. हौशी गटातसुद्धा ऐंशी-शंभर किलोमीटरच्या शर्यतीत टिकायचं तर आठवड्याला दहा-बारा तास खोगिरावर काढावे लागतात. पहाटे साडेचारला उठायचं, खडकवासल्यावरून गोळेवाडी, तिथून सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ, परत येऊन आंघोळ आणि बँक. म्हणजे रात्री साडेनऊला झोपायला हवं. आणि वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, की पुस्तक रंगतं ते दहाच्या पुढे. ‘एवढं एक प्रकरण’ म्हणता म्हणता एक वाजतो.

त्याचा हिशेब घाटात द्यावा लागतो. शर्यतीत पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं, की वारा तो खातो आणि आपली साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. त्यामुळे माझ्यासारखा बेताचा माणूसही बऱ्यापैकी पुढे राहतो. पण मध्ये हातभर अंतर पडलं, की वारा आपल्या छातीवर येतो. हातभराचे चार हात होतात आणि घोळका निघून जातो. ते पहिलं हातभर अंतर पडतं ते जागरणामुळे. एक जाडजूड कादंबरी संपवून गेलो होतो, तेव्हा खोपोलीहून बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ यायच्या आतच मी सुटलो. पुढे कोण गेलं हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं!

मात्र एक लाभ सांगायला हवा. पाय तयार होतात ते सायकल चालवताना नव्हे, नंतरच्या विश्रांतीत. जुने शर्यतवाले सांगत, की बसता येत असेल तर उभं राहू नये आणि आडवं होता येत असेल तर बसू नये. म्हणून रविवारी लांबची फेरी मारून आलो, की पायांखाली उशी आणि छातीवर पुस्तक. नगर वाचन मंदिरातून आणलेलं पुस्तक मी मुदतीत परत केलं ते फक्त शर्यतींच्या मोसमात. ही विश्रांती नेमकी भाजी निवडायच्या वेळेला कशी येते, हे कोडं मात्र आमच्या घरात सुटलेलं नाही.

एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मग १९९८ मध्ये नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर काचबिंदूने गेली. नानांनी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली होती. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ते मला एवढंच म्हणाले, “संध्याकाळी तासभर वाचून दाखवशील का?” त्यांना श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ पुन्हा ऐकायचं होतं. दोन जाड खंड!

माझी संध्याकाळ म्हणजे कात्रजच्या जुन्या घाटात चार-पाच वेळा जीव तोडून वर आणि खाली. मी ते सोडलं नाही. घाट मारून यायचो आणि तसाच वाचायला बसायचो. मोठ्याने वाचायला दम लागतो, हे मला तेव्हा कळलं. वाक्य मोठं आलं की मध्येच तुटायचं, वर्णन आलं की डोळे मिटायचे. एकदा खोतांच्या घराण्यातलं काही चाललं होतं आणि मी हळूच पानं उलटली.

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दोन पानं गेली.”

“नाना, चुकून चिकटली होती.”

“असतील. पण मागच्या आठवड्यातही चिकटली होती.”

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस तो. आठवडाभर ते गप्प राहून ऐकत होते, याची मला जास्त लाज वाटली. सायकलवर मी कधी वळण चुकवलं नव्हतं, आणि इथे माझ्याशिवाय ज्यांच्याकडे दुसरे डोळे नव्हते त्यांना फसवत होतो.

कात्रज बंद केला. त्या मोसमात माझा क्रमांक पहिल्या वीसातून घसरला तो पुन्हा वर आला नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. नाही म्हटलं तर ते खोटं होईल. दुसरा खंड दिवाळीच्या सुमारास संपला. रविवारच्या शर्यती मात्र सोडल्या नाहीत. घरी आलो की नाना खुर्चीत वाट पाहत असत. पुस्तक हातात घेतलं की म्हणत, “ते राहू दे. आधी घाट सांग. आणि मधलं काही गाळू नकोस.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)