दोराची गोष्ट आणि तारखेचं मोल

हेदवीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

होडीचा दोर, खताची गोणी, डब्याचं झाकण, या सगळ्यांत पुष्कळदा एकच प्लास्टिक असतं. त्याचं नाव पॉलिप्रॉपिलीन. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याचा दोर तरंगतो. हे आधी कोणाचं, यावरून अमेरिकेत कित्येक वर्षं भांडण चाललं.

भांडण होतं पेटंटचं. पेटंट म्हणजे नवी वस्तू किंवा ती करायची नवी रीत, आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ठरावीक वर्षं वापरू नये, असा सरकारने दिलेला हक्क.

1951 साली फिलिप्स पेट्रोलियम कंपनीचे होगन आणि बँक्स पेट्रोलसाठी प्रयोग करत होते. प्रॉपिलीन वायूपासून त्यांना अवचित पांढरा घट्ट पदार्थ मिळाला. जानेवारी 1953 मध्ये कंपनीने अर्ज केला. इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी तेच प्लास्टिक 1954 साली बनवलं. या क्षेत्रातल्या कामासाठी 1963 साली त्यांना नोबेलही मिळालं. पेटंट कार्यालयाने 1971 मध्ये त्यांच्या बाजूच्या कंपनीला कौल दिला. पण 1980 मध्ये कोर्टाने फिलिप्सचा 1953 चा अर्ज आधीचा धरला आणि 1983 मध्ये पेटंट फिलिप्सला मिळालं. मान एकाला, हक्क दुसऱ्याला!

तिथे तेव्हा पेटंटची 17 वर्षं ते मिळाल्यापासून मोजत. म्हणजे 1953 च्या अर्जाचा हक्क 2000 सालापर्यंत चालला. आपल्याकडे 20 वर्षं मोजतात ती अर्जाच्या तारखेपासून. भांडण लांबलं म्हणून हक्क लांबत नाही.

आता आपलं पाहू. कोकमाचं आगळ, फणसाची साटं या पिढ्यानपिढ्यांच्या रीती. त्यांचं पेटंट कोणालाच मिळत नाही. कोणी पैसे मागून तसं मिळवून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण सुपारी सोलायची खरोखर नवी जुगत कोणी काढली, तर ती प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. आधीच जगाला दाखवली, तर ती नवी राहत नाही. सगळं तयार नसेल तर तात्पुरता अर्ज चालतो. पूर्ण माहिती 12 महिन्यांत द्यायची. वहीत तारीख घालून नोंद जरूर ठेवा. पण आपल्या कायद्यात पहिला मान अर्जाच्या तारखेला.

पुढच्या बैठकीत हिशेबानंतर एवढं विचारा: आपल्यापैकी कोणी काही नवं केलंय का?