थोरल्या ट्यूबाचा पोचा
(जुबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेंत आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर थोर मंडळी बोलून गेली. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या कोपऱ्यांत उभ्या केलेल्या ट्यूबाविषयीं. त्याचे पोचे काढण्याचें काम बँडनें आमच्यावर सोंपविलें, त्यास आठ महिने झाले. दोन महिन्यांचा वायदा असतां आठ कां लागले, आणि इतकें करूनही एक पोचा तसाच कां राहिला, असें पुष्कळांनीं विचारलें. त्याचें उत्तर सर्वांसमक्ष देणें बरें.

ट्यूबा हें फार प्राचीन वाद्य नव्हे. व्हीप्रेख्त व मोरिट्स या दोघांनीं 1835 सालच्या सप्टेंबरांत प्रशियांत त्याचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं फ्रान्समधील ख्रिस्तमंदिरांत गायकांच्या खालच्या स्वराला आधार म्हणून सर्पंट नांवाचें नागमोडी वाद्य वाजवीत. तें लांकडाचें व चामड्यानें मढविलेलें असे. त्याला पोच्यांचें भय नव्हतें! आपला ट्यूबा पितळेचा आहे. ई-फ्लॅट जातीचा असल्यामुळें त्याची मुख्य नळी उलगडली तर सुमारें 13 फूट भरेल.

शिवाय तो जाड पत्र्याचा आहे, आणि सारी गोम येथेंच आहे. पत्रा जाड, म्हणून पोचे कमी, असें आपण समजतों, आणि तें खरेंही आहे. पत्र्याचा वांकण्यास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी दीडपट केली तर विरोध सव्वातीन पटींहून अधिक होतो, दुप्पट केली तर आठपट. परंतु जो विरोध पोचा पडूं देत नाहीं, तोच विरोध एकदां पडलेला पोचा निघूंही देत नाहीं. त्यांत वाद्य जितकें जड, तितकें तें आपल्याच भारानें जोरानें आपटतें. म्हणून बुडाचें वळण, ज्यावर हें धूड टेंकतें, तेथेंच पोचे फार.

आतां एक लाजिरवाणी हकीकत सांगतों. तारुण्यांत आम्हीं दुसऱ्या एका बँडच्या अशाच जाड ट्यूबाचा पोचा एका दुपारीं काढण्याचें मनांत आणलें. नळींत बसेल तेवढा पोलादी गोळा घातला आणि सारें बळ एकवटून तो पोच्याखालीं ठोकला. पोच्याचा मध्य उसळून बाहेर आला, कडा मात्र जागच्या हलल्या नाहींत. खळगा होता तेथें टेंगूळ झालें आणि भोंवतीं चर पडली. टेंगूळ बसविण्यासाठीं हातोडी चालविली, तों पितळ कठीण होत गेलें. शेवटीं केसाएवढी चीर दिसली. ठिगळ लावतांना रोगण जळालें तें निराळेंच. वादक वृद्ध होता. तो आम्हांस एक शब्दही उणा बोलला नाहीं. ठिगळावरून बोट फिरविलें आणि वाद्य उचलून निघून गेला. त्याचें तें बोट आम्ही विसरलों नाहीं.

चूक काय झाली? पोचा म्हणजे केवळ खळगा नव्हे. खळग्याभोंवतीं पितळाचा उंचवटा उठलेला असतो, आणि कुलूप असतें तें त्यांत. आधीं कडेनें आरंभ करावा. आंतून गोळ्याचा आधार देऊन उंचवटा हलक्या हातानें बसवावा, मग वर्तुळ लहान करीत मध्याकडे जावें. प्रथम नळीहून पुष्कळ लहान गोळा, मग किंचित् मोठा, मग त्याहून मोठा. जाड पितळ दाबलें कीं थोडें मागें सरतें. म्हणून तेंच स्थळ दहा वेळां गांठावें लागतें. आमचे महिने तेथें गेले.

तरुण मंडळी विचारतात कीं, लोहचुंबक कां वापरला नाहीं? 1980 च्या दशकांत निओडिमियमचे प्रबळ चुंबक निघाले. पितळ चुंबकाला चिकटत नाहीं; म्हणून नळींतला पोलादी गोळा बाहेरून ओढून पोच्याखालीं फिरवितां येतो. पातळ वाद्यावर हा उपाय उत्तम, रोगणही वांचतें. पण अंतर वाढलें कीं चुंबकाची ओढ झपाट्यानें घटते. जाड पत्रा गोळ्याला दूर ठेवतो आणि वर अधिक बळ मागतो. आम्हीं त्यानें शेवटची सफाई तेवढी केली. मुख्य कामासाठीं बुडाचें वळण सोडवून काढलें, वांकड्या कांबीच्या टोंकाला गोळा बसवून ती शेगड्यांत आवळली, आणि गोळ्यावरून वळणच पुढें मागें ओढलें.

कठीण झालेलें पितळ तापवून मऊ करतां येतें, हें तांबट जाणतात. परंतु त्यास चारशें अंश सेल्सिअसच्याही वर ताव लागतो, आणि कथील-शिशाचा डाख दोनशेंच्या आंतच वितळतो. म्हणून भाग सुटा केल्यावांचून आंच लावूं नये. ताणलेलें पितळ तसेंच सोडलें तर काय होतें, याचा धडा याच देशांत मिळाला. ब्रिटिश फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत तबेल्याजवळ ठेवलीं असतां आपोआप तडकत. घडवितांना धातूंत राहिलेला ताण आणि जनावरांच्या मुतांतून निघणारा अमोनिया, या दोहोंचा तो परिणाम, असा उलगडा 1921 सालीं झाला. म्हणून वाद्य गोठ्याशेजारच्या खोलींत ठेवूं नका, ही आमची बँडला विनंती.

राहिलेला पोचा पिस्टनच्या नळ्यांमागें आहे. तो उथळ आहे आणि नळी तेथें रुंद आहे. त्याच मापाचा पोचा तोंडाजवळच्या अरुंद नळींत असता, तर तो आम्हीं खचित काढला असता, कारण तेथें स्वर बिघडतो. येथें मात्र त्याच्यापर्यंत पोंचण्यास चार नळ्यांचे डाख सोडवावे लागते. आम्हीं वादकाला वाद्य वाजवावयास सांगितलें, सारे स्वर ऐकले आणि हत्यारें पेटींत ठेवलीं.

बँडमास्तरांचा हा निर्णय मान्य नसेल तर त्यांनीं पावसाळ्यानंतर वाद्य परत पाठवावें. मजुरी घेणार नाहीं. मिरवणुकीची वेळ झाली आहे, आम्ही जागा मोकळी करतों.