कर्ज बँकेचे, निविदा आपली

(भंडारा येथे ग्रामपंचायत पदाधिकाऱ्यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘विकास बँका आणि सार्वजनिक खरेदी’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून, हा तर मुंबई-दिल्लीचा विषय, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. संबंध निश्चित आहे. नाल्यावर पूल होतो, रस्त्यावर डांबर पडते, कालव्याला अस्तर लागते. त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा काही भाग पुष्कळदा कर्जाऊ आलेला असतो. परंतु ते कर्ज देणारी संस्था निविदा काढत नाही, कंत्राटदार निवडत नाही. ती आपल्या शासनाच्या नियमांवर विसंबते. हे विसंबणे कितपत योग्य, आणि त्यामुळे आपणांवर कोणती जबाबदारी येते, एवढाच आजचा मुद्दा आहे.

विकास बँक म्हटले की जागतिक बँक आठवते. भंडारा जिल्ह्यापुरते पाहिले तर सर्वांत निकटची विकास बँक म्हणजे १२ जुलै १९८२ रोजी स्थापन झालेली नाबार्ड होय. १९९५-९६ साली तिच्याकडे ग्रामीण पायाभूत विकास निधी निर्माण करण्यात आला. शेती व अन्य अग्रक्रम क्षेत्रांना ठरलेल्या प्रमाणात कर्ज देण्यात ज्या व्यापारी बँका उणे पडतात, त्यांनी त्या तुटीपोटी या निधीत ठेवी ठेवावयाच्या आणि त्यातून राज्य सरकारांना पाटबंधारे, रस्ते, पूल यांसाठी कर्ज द्यावयाचे, अशी ही योजना आहे. प्रारंभीचा काही अग्रिम सोडला तर राज्याने आधी खर्च करावयाचा आणि मग रक्कम मागावयाची. परतफेड ७ वर्षांत, त्यात पहिली २ वर्षे मुद्दलास सूट. काम चांगले झाले की वाईट, याचा विचार हप्ता करीत नाही. पूल पहिल्याच पावसात खचला तरी हप्ता ठरल्या दिवशी द्यावाच लागतो.

परदेशी बँकांची रीत पूर्वी निराळी होती. जागतिक बँकेच्या पैशातून काम निघाले की बँकेची स्वतंत्र नियमावली येई. देशांतर्गत निविदांनाही तिने भारतासाठी काही खास अटी घातल्या होत्या: निविदेची जाहिरात मोठ्या खपाच्या राष्ट्रीय दैनिकात द्यावी, निविदा भरण्यास किमान ३० दिवस मिळावेत, कोणत्याही वर्गातील निविदाकारास दरात सवलत देऊ नये, आणि बँकेच्या पूर्वसंमतीवाचून सर्वांत कमी दराच्या निविदाकाराशीही दराबाबत वाटाघाटी करू नयेत.

या शेवटच्या अटीपाशी थोडे थांबू. आपल्याकडे कमी दरवाल्यास बोलावून ‘आणखी थोडे खाली या’ असे म्हणण्याचा जुना रिवाज आहे, आणि त्यात शासनाचे दोन पैसे वाचविल्याचे समाधानही असते. बँकेचे म्हणणे असे की, आपणांस बोलावणे येणार हे ठाऊक असलेला कंत्राटदार मूळ दरातच तेवढी जागा ठेवतो. बंद लिफाफ्यातील खरी स्पर्धा तेथेच संपते आणि पुढचे व्यवहार बंद खोलीत होतात. हा युक्तिवाद मला पटतो. केंद्रीय दक्षता आयोगानेही ३ मार्च २००७ च्या परिपत्रकाने अशा वाटाघाटी अपवादात्मक परिस्थितीपुरत्या मर्यादित केल्या. दरात सवलत न देण्याची अट मात्र मला तितकीशी पटत नाही. लहान उद्योगास काही झुकते माप द्यावे की नाही, हा त्या त्या देशाच्या लोकप्रतिनिधींनी ठरवावयाचा प्रश्न आहे.

नेमका हाच आक्षेप जगभरातील कर्जदार देशांनी घेतला. एकाच कार्यालयात एका टेबलावर जागतिक बँकेचे नियम, दुसऱ्यावर आशियाई विकास बँकेचे आणि तिसऱ्यावर स्वतःच्या सरकारचे! २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देशांच्या स्वतःच्या पद्धती शक्य तितक्या वापराव्यात असे ठरले; २००८ साली अक्रा येथे त्यांना पहिली पसंती देण्याचे मान्य झाले. जागतिक बँकेने २०१२ साली, ठरलेली उद्दिष्टे साध्य झाली की पैसा द्यावयाचा आणि कामे देशाच्याच पद्धतीने होऊ द्यावयाची, असा नवा कर्जप्रकार सुरू केला. १ जुलै २०१६ पासून तिची खरेदी-नियमावलीही बदलली.

महाराष्ट्रात हा बदल जलस्वराज्य प्रकल्पात स्पष्ट दिसतो. २००३ साली मंजूर झालेल्या पहिल्या जलस्वराज्यात बँकेच्या चौकटीत का होईना, गावची पाणीपुरवठा समिती स्वतः साहित्य खरेदी करीत असे आणि सामाजिक लेखापरीक्षण समिती तिचे हिशेब तपाशी. २०१४ साली मंजूर झालेला दुसरा जलस्वराज्य कार्यक्रम वर सांगितलेल्या नव्या पद्धतीचा होता: कर्ज १६ कोटी ५० लाख डॉलर, आणि खरेदी राज्याच्या नियमांनी.

मला ही दिशा योग्य वाटते. बँकेच्या स्वतंत्र नियमांनी चालणारा प्रकल्प म्हणजे पुरात उभे राहिलेले एक उंच शेत असते. तेवढे वाचते, पण गावाचे पाणी ओसरत नाही. प्रकल्प संपला की त्याचे प्रशिक्षित कर्मचारी पांगतात आणि नियमपुस्तिका कपाटात जातात. बँक आपल्याच नियमांवर उभी राहिली, तर ते नियम सुधारण्यात तिचेही हित असते, आणि सुधारणेचा लाभ तिच्या पैशावाचून होणाऱ्या कामांनाही मिळतो.

परंतु विसंबणे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर पाहावयाची आवश्यकता नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्री. राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. मूळ मान्यता ३७२ कोटी रुपयांची होती. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो आकडा १८,४९४ कोटींवर गेला. नागपूर, भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्राला पाणी देण्याचा हा संकल्प आहे. किंमतवाढीत महागाई, पुनर्वसन, भूसंपादन, कामाची वाढलेली व्याप्ती यांचा वाटा आहेच. परंतु निविदांच्या किमती वाढविण्याच्या रीतीबद्दलही प्रश्न उपस्थित झाले, श्री. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष चौकशी पथकाने राज्यातील पाटबंधारे कामांची चौकशी करून २०१४ साली अहवाल दिला, आणि पुढे गोसीखुर्दच्या काही कामांबाबत गुन्हेही नोंदविण्यात आले. हे सर्व निविदेचे नियम अस्तित्वात असताना घडले. २०१६ साली देशातील जे ९९ रेंगाळलेले पाटबंधारे प्रकल्प अग्रक्रमाने पूर्ण करावयाचे ठरले, त्यांत गोसीखुर्दचा समावेश झाला आणि त्यांच्यासाठी नाबार्डमध्ये दीर्घ मुदतीचा सिंचन निधी उभारण्यात आला. म्हणजे विकास बँक पुन्हा आपल्याच पद्धतीवर विसंबली. धानाच्या बांधीत पाणी वेळेवर पोहोचते की नाही, यावर त्या विश्वासाची परीक्षा आहे.

पद्धत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. निविदा पेटीत टाकण्याच्या काळी, पेटीपाशी कोण उभे आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असे. ई-निविदेमुळे ती पेटीच उरली नाही. अंदाजपत्रकापेक्षा फार खालचा दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेतली जाते. राज्याच्या खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने एकत्रित झाली. उणीवही सांगितली पाहिजे: तामिळनाडू, कर्नाटक, राजस्थान यांनी सार्वजनिक खरेदीचा स्वतंत्र कायदा केला, केंद्राचे २०१२ चे विधेयक मात्र संमत न होताच व्यपगत झाले. नियमपुस्तिका आणि कायदा यांतील अंतर, ज्याच्यावर अन्याय झाला त्या निविदाकारास चांगलेच ठाऊक असते.

संगणकास दर दिसतात, खडी दिसत नाही. निविदाकारांनी आपसांत संगनमत केले असेल तर तेही त्यास आपोआप कळत नाही. बँकेचा अधिकारी मुंबईत किंवा पुण्यात. तो वर्षातून एखादा रस्ता पाहील. आशियाई विकास बँकेच्या २० कोटी डॉलरच्या कर्जातून राज्यातील ३४ ग्रामीण जिल्ह्यांमधील सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते सुधारण्याचा करार २०१९ साली झाला. एवढ्या लांबीवर पहारा ठेवणे कोणत्याही बँकेच्या आवाक्यातले नाही.

तो पहारा आपणांस ठेवता येतो. निविदा सूचना, उघडलेले दर आणि कोणास काम मिळाले ही माहिती राज्याच्या निविदा संकेतस्थळावर पाहता येते. कामाच्या जागी फलक लावलेला असला पाहिजे; त्यावर अंदाजित रक्कम, मुदत आणि कंत्राटदाराचे नाव आहे का, हे पाहावे. अंदाजपत्रकाची व मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येते. मोजमाप पुस्तिकेत मुरमाच्या थराची जी जाडी लिहिली असेल, ती प्रत्यक्ष जागेवर पट्टीने मोजून पाहता येते. त्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. फरक आढळला तर ग्रामसभेच्या ठरावाने तो कार्यकारी अभियंत्यांस लेखी कळवावा, आणि दोषदायित्व कालावधी संपण्यापूर्वी कळवावा. हा कालावधी कंत्राटात लिहिलेला असतो. तो उलटला की दुरुस्तीचा खर्च कंत्राटदाराकडून शासनाकडे येतो. म्हणून कार्यारंभ आदेशाची आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.