केमोआधीची एक रक्ततपासणी



केमोथेरपी म्हटली की केस गळणं, उलट्या, पांढऱ्या पेशी कमी होणं आपल्याला ठाऊक असतं. मला आज बोलायचं आहे ते वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून बसलेल्या विषाणूंबद्दल. प्रतिकारशक्ती धड असते तोवर ते गप्प असतात. केमोने ती खचली की डोकं वर काढतात.

नागीण सगळ्यांच्या परिचयाची. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी राहतो. उपचार चालू असताना अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोडांचा पट्टा उठला, तर गेरू लावत बसू नका. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. शक्यतो ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं, हे मात्र खरं.

हेपटायटिस बी तर चाहूलही देत नाही. भारतात सरकारी बाल-लसीकरणात ही लस २००२ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने येऊ लागली. त्याआधी भारतात जन्मलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. जन्माच्या वेळी आईकडून किंवा पुढे दूषित सुईतून झालेला संसर्ग कावीळ न होताही राहून जातो. आजार बरा झाला तरी विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींत उरतो. लिम्फोमा या कर्करोगासाठी दिलं जाणारं रिटुक्सिमॅब प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी नष्ट करतं आणि विषाणूवरचा पहारा उठतो. यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटनांमुळे २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या धोक्याचा इशारा आणखी कडक केला.

हे टाळता येतं, म्हणून मी इतक्या कळकळीने सांगतो आहे. केमोआधीच्या रक्ततपासणीत हेपटायटिस बीची एचबीएसएजी ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. अँटी-एचबीसी ही चाचणीही हवी, कारण जुन्या संसर्गाची खूण तीच दाखवते. धोका दिसला तर एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी पुरते. रिटुक्सिमॅब संपल्यावरही ती किमान १२ महिने चालू ठेवावी लागते. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

घरात कुणाची केमो ठरली, तर पहिल्या सलाइनआधी डॉक्टरांना विचारा, "हेपटायटिस बीची तपासणी झाली का?" विचारायला संकोच करू नका.