एकाच डोळ्याला पाणी का येते?



वसमत-कळमनुरीकडे हळद शिजवून, वाळवून पॉलिशला लागली की पिवळी धूळ उडते. कुणाचा डोळा गळू लागला की आपण म्हणतो, धूळ गेली असेल. पुष्कळदा ते खरेही असते. पण एकच डोळा महिनोन्‌महिने गळतो, सकाळी पापण्या चिकटतात, थेंब घातले की आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! हे काही धुळीचे काम नव्हे.

आरशात पाहा. नाकाच्या बाजूला, दोन्ही पापण्यांच्या कडेवर टाचणीने टोचल्यासारखे एकेक छिद्र दिसेल. डोळ्यातले पाणी त्यातून बारीक नळीत, नळीतून पिशवीत आणि पिशवीतून नाकात उतरते. रडताना नाक का वाहते, ते गुरुजींनी मुलांना यावरूनच सांगावे.

या नळीत क्वचित ॲक्टिनोमायसीस नावाचे जंतू घर करतात. एरवी त्यांचा मुक्काम आपल्याच तोंडात, दातांच्या कीटणात. त्यांचे धागे पाहून पूर्वी तज्ज्ञांनाही ती बुरशी वाटली. आहेत मात्र जिवाणू. नळीत त्यांचे पुंजके जमून पिवळे कण बनतात, थेट हळदीच्या कणीसारखे. बर्लिनचे नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनी १८५४ साली असे खडे नोंदले होते. थेंबांचे औषध या कणांच्या पोटात शिरत नाही. म्हणून ‘डोळे आले’ समजून वर्षभर थेंब घालणारे रोगी भेटतात, आणि दोष बिचाऱ्या औषधाला!

खूण छिद्रापाशीच असते. ते सुजून, ओठ पुढे काढल्यासारखे दिसते. डॉक्टरांनी तिथे दाबले तर घट्ट पू आणि रवाळ कण बाहेर येतात. आपण मात्र घरी दाबू नये. मध, बाळंतिणीचे दूध, काजळ यांतले काही घालू नये. दुकानातून मनानेच स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नयेत. नाकाजवळ खाली गाठ असेल तर दुखणे पिशवीचे. ते अधिक आढळते आणि त्याचा इलाज वेगळा.

हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. जागा बधिर करून डॉक्टर नळीचे तोंड जरा उघडतात, चिमुकल्या चमच्यासारख्या हत्याराने कण खरवडून काढतात, तपासणीला पाठवतात आणि नळी औषधाने धुतात. या जंतूंवर पेनिसिलीन चांगले चालते. ते तुम्हाला सोसत नसेल तर आधीच सांगा. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. एखादा कण आत राहिला तर मात्र डोळा पुन्हा गळू लागतो. तसे झाल्यास परत दाखवा. आणि हो, आजवर घातलेल्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या का असेनात, सोबत न्या.